कन्सोल बोलत नाही, म्हणून राउटर बदलायचा?

राउटरला निळी केबल लावली, लॅपटॉपवर पुटी उघडलं, एंटर दाबला, परत दाबला, खिडकी काळीच. अशा वेळी नेटवर्क सांभाळणाऱ्यांत दोन पक्ष पडतात. पहिला म्हणतो, पोर्ट उडालाय, स्पेअर डबा काढा आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, थांबा, आधी नक्की कोण गप्प आहे ते ठरवू. मी दुसऱ्या पक्षाचा, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पण पहिला पक्ष काही अडाण्यांचा नाही. लिंक बंद पडली की वरच्यांचे फोन ज्यांना घ्यावे लागतात ती मंडळी बहुधा त्यात असतात आणि त्यांच्या घाईला कारणं असतात. म्हणून त्या पक्षाची बाजू इथे एका मॅनेजरसाहेबांच्या तोंडून मांडतो. साहेब कल्पित आहेत, त्यांचे मुद्दे मात्र कुठल्याही ऑपरेशन्सच्या खोलीत ऐकू येतात. उदाहरणाला सिस्कोचा राउटर धरू, कारण बहुतेकांचा हात त्यावरच बसलेला असतो.

साहेब सुरुवात करतात ती हिशेबाने. “हे बघा, शाखा गडचिरोलीला, पोरगा नागपूरहून जाणार. तिथे बसून तो केबली हलवत दोन तास घालवणार आणि शेवटी डबा बदलायचंच ठरणार. मग पहिल्या फेरीतच स्पेअर पाठवला तर काय बिघडलं?”

साहेब, स्पेअर जरूर पाठवा. त्याला कुणाचीच हरकत नाही. प्रश्न एवढाच आहे की त्या कोऱ्या डब्यात कॉन्फिगरेशन भरणार कशाने? कन्सोलनेच. म्हणजे तोच लॅपटॉप, तेच यूएसबीचं अडॅप्टर, तीच निळी केबल. दोष या तिघांपैकी कुणात असेल, तर नवा राउटरही पहिल्यासारखाच गप्प बसेल. फरक इतकाच, की तोवर चालता राउटर रॅकमधून खाली उतरलेला असेल आणि शाखेचं काम थांबलेलं असेल. म्हणजे कन्सोल तपासायचा वेळ वाचला असं नाही, तो सर्वांत वाईट क्षणापर्यंत पुढे ढकलला गेला. यावर कुणी म्हणेल, हल्लीचे डबे स्वतःच इंटरनेटवर जाऊन आपलं कॉन्फिगरेशन ओढून घेतात, कन्सोल लागतोच कुठे? खरं आहे, मोठ्या कॅम्पसमध्ये ते चालतं. पण त्यासाठी डब्याला कुठून तरी आपोआप आयपी पत्ता मिळावा लागतो. शाखेच्या लीज्ड लाइनवर पत्ता हाताने टाकायचा असेल, तर जो राउटर लिंक उभी करणार तोच लिंकची वाट बघत बसतो. नागपुरातून सगळं भरून डबा पाठवला तरी टाकलेल्या पत्त्यात एक आकडा चुकला की पुन्हा कन्सोलशीच गाठ.

आता मूळ मुद्दा. एंटर दाबल्यावर ते अक्षर किती हातांतून जातं ते बघा. पुटीसारखा प्रोग्राम, ऑपरेटिंग सिस्टिमचा ड्रायव्हर, यूएसबी अडॅप्टरमधली चिप, केबल, केबलच्या टोकाचं कनेक्टर, राउटरमधली विद्युतदाब बदलणारी चिप, त्यामागचं सीरियलचं सर्किट आणि सगळ्यात शेवटी आयओएस या सिस्कोच्या ऑपरेटिंग सिस्टिममधली कन्सोलची लाइन. यांतला कोणताही एक अडला तरी डोळ्यांना दिसतं ते एकच, काळी खिडकी. इतक्या जणांत राउटरचा पोर्ट हा सर्वांत कमी हलणारा. तो वर्षानुवर्षं रॅकमध्ये एका जागी बसलेला असतो. अडॅप्टर मात्र बॅगेत चेंगरतं, केबल ओढली जाते, ड्रायव्हर परवानगी न विचारता अपडेट होतो. तरी संशय पहिल्यांदा पोर्टवर. याला आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात.

“म्हणायला ठीक आहे,” साहेब म्हणतात, “पण तुमचा चोर मला कागदावर दाखवा. ड्रायव्हर गेला, ड्रायव्हर गेला, हे प्रत्येक जण म्हणतो.”

दाखवतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय या चिप बनवणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून लोकांच्या संगणकांवर उतरला. कंपनीच्या चिपची नक्कल असलेलं अडॅप्टर सापडलं की हा ड्रायव्हर त्याचा ओळख-क्रमांक शून्य करून टाकायचा. काल चालणारं अडॅप्टर आज संगणकाला ओळखू येईना. ओरड झाली, ड्रायव्हर मागे घेतला गेला, पण तोवर कित्येकांची अडॅप्टरं बसली होती. प्रॉलिफिक कंपनीची तऱ्हा थोडी वेगळी. तिच्या जुन्या पीएल-२३०३ चिपा आणि त्यांच्या नकला नव्या ड्रायव्हरने चालवायचं नाकारलं, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि ‘कोड १०’ दिसू लागलं. लिनक्सवाल्यांनी हसू नये. उबुंटू २२.०४ मध्ये अंधांच्या ब्रेल यंत्रांसाठी असलेली सेवा सीएच-३४० चिपच्या स्वस्त अडॅप्टरला ब्रेल यंत्र समजून स्वतःकडे ओढून घ्यायची. अडॅप्टर लावलं की क्षणभर दिसायचं आणि गायब. या तिन्ही प्रकरणांत राउटर निर्दोष होता, आणि तिन्हींत बाहेरून दिसणारं लक्षण एकच होतं, कन्सोल बोलत नाही. बाजारात दोनअडीचशे रुपयांना मिळणाऱ्या अडॅप्टरमधली चिप अस्सल आहे की नाही हे त्याच्या वेष्टनावरून कळत नाही, ही यातली खरी अडचण.

साहेब मागे हटत नाहीत. “त्या पोराचा लॅपटॉप काल दुसऱ्या साइटवर याच केबलने चालला होता. मग?”

काल चाललं हा पुरावा कालचा. आजचा पुरावा दोन मिनिटांत हातात येतो, आणि त्यासाठी राउटरची गरजच नाही. सिस्कोच्या कन्सोल केबलच्या राउटरकडच्या टोकाला आठ पिना असतात. त्यांतल्या तिसऱ्या पिनवरून राउटर बोलतो, सहावीवरून ऐकतो, चौथी आणि पाचवी जमिनीची. तिसरी आणि सहावी एकमेकींना जोडून दिली, की आपण टाइप केलेलं अक्षर केबलच्या टोकापर्यंत जाऊन परत येतं आणि पडद्यावर उमटतं. उघड्या वायरींशी खेळायचीही गरज नाही. भिंतीतल्या नेटवर्क पॉइंटसाठी मिळतं ते आय-ओ जॅक घ्यायचं, त्यातल्या तीन आणि सहा नंबरच्या खाचांत बोटभर वायरीचा तुकडा दाबून बसवायचा आणि केबलचं टोक त्यात खोचायचं. जॅकवर ‘बी’ पद्धतीचे रंग छापलेले असतील तर या खाचा म्हणजे पांढरा-हिरवा आणि हिरवा. पुटीत लोकल एको बंद ठेवायचा, फ्लो कंट्रोल ‘नन’ करायचं आणि काहीही टाइप करायचं. हीच लूपबॅकची चाचणी. अक्षरं परत आली, तर प्रोग्राम, ड्रायव्हर, चिप आणि केबलच्या वायरी एका झटक्यात आरोपमुक्त. नाही आली, तर राउटरला हात लावायचं कारणच उरलं नाही. मग तोच तुकडा केबल काढून थेट अडॅप्टरच्या नऊ पिनांच्या टोकावर दोन आणि तीन नंबरला लावायचा. तिथे अक्षरं आली तर केबल खराब, तिथेही नाही आली तर अडॅप्टर किंवा ड्रायव्हर. असं जॅक बॅगेत असलेला इंजिनिअर आणि नसलेला इंजिनिअर यांच्यात बराच फरक पडतो, हे माझं स्पष्ट मत आहे. खणातून हाताला येईल ती केबल लावून बघू, हा उपाय मात्र नको. एकाच तोंडाच्या सीरियल केबली आतून वेगवेगळ्या जोडलेल्या असतात. शेजारच्या एपीसीच्या स्मार्ट-यूपीएसला भलती सीरियल केबल लागली तर यूपीएस बंद पडून सगळा रॅक अंधारात जाऊ शकतो.

आपली बाजू साफ निघाली, की मग राउटरकडे वळायचं, आणि इथे गप्प या तक्रारीचे प्रकार पाडावे लागतात. साहेबांच्या रजिस्टरमध्ये सगळ्यांपुढे ‘कन्सोल नॉट वर्किंग’ असा एकच शेरा असतो. पण पडद्यावर कचरा अक्षरं येत असतील तर ती आनंदाची बातमी समजावी. वीज, चिप, केबल सगळं जिवंत आहे, फक्त वेग जुळत नाही. सिस्कोच्या राउटरचा नेहमीचा वेग ९६०० बॉड, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. मायक्रोटिकचा राउटरबोर्ड किंवा युबिक्विटीचा एजराउटर असेल तर ११५२००. शिवाय सिस्कोमध्येही वेग कॉन्फिग रजिस्टरमध्ये लिहिलेला असतो. २१०२ असेल तर ९६००, पण कुणी आयओएसची फाइल कन्सोलवरून लवकर चढावी म्हणून ३९२२ करून ठेवला असेल तर ११५२००, आणि तो माणूस नोकरी सोडून गेला तरी आकडा तिथेच राहतो. वेगांची यादी लांब नाही. एकेक लावून बघायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागत नाही.

याहून चकवणारा प्रकार एकतर्फी मौनाचा. राउटरचे संदेश पडद्यावर येतात, पण आपण टाइप केलेलं त्याच्यापर्यंत पोचत नाही. याला तीन नेहमीचे गुन्हेगार. पहिला म्हणजे टर्मिनलमध्ये चालू राहिलेलं हार्डवेअर फ्लो कंट्रोल. समोरून परवानगीचा इशारा येईपर्यंत लॅपटॉप अक्षर सोडतच नाही. दुसरा, यूएसबीचा कन्सोल. सिस्कोच्या अनेक डब्यांना आठ पिनांच्या खाचेशेजारी मिनी-यूएसबीचंही तोंड असतं. कॅटॅलिस्ट स्विचमध्ये संदेश दोन्हीकडे जातात, पण ऐकण्याच्या बाबतीत यूएसबीला अग्रक्रम. मागच्या खेपेला कुणी यूएसबीची वायर तशीच लावून गेलं असेल, तर निळ्या केबलवर कितीही एंटर मारा, उत्तर यायचं नाही. ती वायर उपटली की काम झालं. तिसरा गुन्हेगार कॉन्फिगरेशनमधला. कन्सोलच्या लाइनवर ‘नो एक्झेक’ लिहिलेलं असेल तर राउटर लॉग दाखवेल, पण प्रॉम्प्ट देणार नाही. यांतला पहिला लूपबॅकच्या चाचणीतच पकडता येतो. सेटिंग न बदलता तीच चाचणी केली तर फ्लो कंट्रोलमुळे तीही फसते, आणि ‘नन’ केल्यावर पास होते. म्हणून ती चाचणी आधी, बाकीचे दोन नंतर. आणि हो, आधी केबल कन्सोलमध्येच आहे ना, शेजारच्या ऑक्स पोर्टमध्ये नाही ना, हे बघावं. आकार तोच, सिस्कोच्या जुन्या डब्यांवर कन्सोलचा रंग निळा आणि ऑक्सचा काळा. रॅकच्या मागच्या अंधारात दोन्ही काळेच दिसतात.

“एवढा खटाटोप कशाला?” साहेबांचा पुढचा मुद्दा येतो, आणि तो वजनदार आहे. “एसएसएचने राउटरवर जाता येतंय ना? ट्रॅफिक चालू आहे, ग्राहक खूष आहे. कन्सोल वर्षातून एकदा लागतो. राहू दे मेलेला.”

एसएसएच चालत असेल तर साहेब, तुम्ही मला हवं तेच हातात दिलंत. आतून ‘शो लाइन’ मारा. सीटीवाय असं लिहिलेली शून्य क्रमांकाची लाइन म्हणजे कन्सोल. तिच्या पुढे तारा दिसला तर कुणाचं तरी सत्र तिच्यावर अडकून बसलंय, ‘क्लिअर लाइन’ने ते सुटतं. त्याच ओळीत नॉइज आणि ओव्हररन असे दोन रकाने दिसतात. बाहेरून पाचदहा एंटर मारून परत तीच आज्ञा द्या. नॉइजचा आकडा वाढला तर अक्षरं आत पोचताहेत पण विकृत होऊन, म्हणजे वेग किंवा केबल. ‘शो रन’मध्ये कन्सोलच्या लाइनखाली कुणी काय लिहिलंय तेही समोर. ‘लॉगिंग कन्सोल’ चालू असेल आणि एखादं डीबग सुटलेलं असेल तर तेही बघा. ९६०० बॉडवर सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं जातात, आणि प्रत्येक अक्षरासाठी प्रोसेसरला मध्येच थांबावं लागतं. संदेशांचा लोंढा आला की कन्सोल उत्तर देत नाही आणि राउटरही मंदावतो. टर्मिनल सर्व्हरवरून कन्सोलला जात असाल तर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ हे उत्तर बहुतेक वेळा राउटरचं नसतंच. टर्मिनल सर्व्हरची ती लाइन आधीच कुणीतरी धरून ठेवलेली असते. हे बहुतेक सगळं जागेवर न जाता होतं, म्हणजे तुमचा गडचिरोलीचा हिशेबही जमतो.

राहिलं ‘राहू दे मेलेला’ याचं उत्तर. कन्सोल वर्षातून एकदा लागतो हे मान्य, पण तो लागतो तेव्हा दुसरं काही उरलेलं नसतं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकच्या एका देखभालीच्या आज्ञेने त्यांचं अख्खं बॅकबोन नेटवर्क तुटलं. पाठोपाठ डीएनएस गेलं. नेहमीची वाट बंद झालीच, आणीबाणीसाठी ठेवलेली वेगळी वाटही चालली नाही, आणि माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली. सेवा सुमारे सहा तास बंद होती. कॅनडात ८ जुलै २०२२ ला रॉजर्स कंपनीचं नेटवर्क एका चुकीच्या बदलामुळे कोसळलं, १ कोटी २० लाखांवर ग्राहक खोळंबले. तिथे व्यवस्थापनाचं नेटवर्क त्याच गाभ्याच्या नेटवर्कवर अवलंबून होतं, म्हणून गाभा पडल्यावर इंजिनिअरांना स्वतःच्या राउटरपर्यंत पोचताच येईना. साहेब म्हणतील, आमची शाखा म्हणजे फेसबुक नव्हे. कबूल. पण बीजीपीच्या एका चुकीच्या ओळीने शाखेचा राउटर स्वतःला तोडून घेतो तेव्हा प्रकार तोच असतो, फक्त बातमी होत नाही. एसएसएच त्याच लिंकवरून येतं जी पडलेली आहे. म्हणून कन्सोल लागण्याआधी, सगळं सुरळीत असताना तपासायचा.

“मग रिबूट मारा,” साहेब म्हणतात. “नव्वद टक्के गोष्टी रिबूटने सुटतात.”

हा टक्क्याचा आकडा कुणी काढला देव जाणे, पण रिबूट फुकट आहे हा समज काढून टाकायला हवा. २०१४ मध्ये सिस्कोनेच जाहीर केलं होतं, की २००५ ते २०१० या काळात एका पुरवठादाराने बनवलेल्या मेमरीमुळे काही उपकरणं रीलोड किंवा पॉवर सायकलनंतर उठणार नाहीत. चालू होती तोवर ठीक होती, बंद केली की संपली. २०१७ मध्ये घड्याळाचा सिग्नल देणाऱ्या एका घटकाची गोष्ट बाहेर आली. आयएसआर ४३३१ सारखे राउटर साधारण अठरा महिन्यांनंतर बंद पडून पुन्हा चालू न होण्याचा धोका त्यात होता. याखेरीज साधी गोष्ट म्हणजे कुणी कॉन्फिगरेशन बदलून सेव्ह केलं नसेल तर रिबूटबरोबर ते जातं, आणि बफरमधले लॉगही. म्हणजे जे तपासायचं होतं तेच पुसलं गेलं.

इथे साहेबांना मी एक गोष्ट मनापासून देतो. ठरवून, वेळ घेऊन, कन्सोलला डोळे लावून केलेला रिबूट ही उत्तम चाचणी आहे. सुरुवातीचे संदेश रॉममॉन हा राउटर उठवणारा छोटा प्रोग्राम छापतो, आणि तेव्हा आयओएसचं कॉन्फिगरेशन अजून वाचलेलंच नसतं. ते संदेश नीट आले आणि नंतर कन्सोल गप्प झाला, तर पोर्ट निरोगी आणि दोष कन्सोलच्या लाइनवर लिहिलेल्या ओळींत. पहिल्यापासून कचरा आला तर रजिस्टरमधला वेग. पहिल्यापासून काहीच नाही आलं, तर पोर्टवर संशय घ्यायला प्रथमच खरं कारण मिळालं. पण हे रात्रीच्या चेंज विंडोत, कॉन्फिगरेशन बाहेर काढून ठेवल्यावर आणि स्पेअर हाताशी असताना. तुमचा स्पेअर मला इथेच हवा आहे, साहेब.

“आणि इतकं करून पोर्ट खरंच गेलेला निघाला तर?”

तर तसं सिद्ध करू. पोर्ट जातात, हे कुणी नाकारत नाही. रॅकचं अर्थिंग एक आणि लॅपटॉपच्या चार्जरचं दुसरं, तर त्यांच्यातला फरक जमिनीच्या वायरीतून वाहतो आणि ती बारीक चिप मार खाते. म्हणून कन्सोल लावताना लॅपटॉप बॅटरीवर ठेवणं बरं. सिद्ध करायला साधा मल्टिमीटर पुरतो. आरएस-२३२ हे मानक १९६० पासूनचं, आणि त्यात काही बोलणं चालू नसताना वायर ऋण दाबावर असते, उणे ३ ते उणे १५ व्होल्टच्या मध्ये. मीटरची काळी सळई चौथ्या पिनवर, लाल तिसरीवर. साधारण उणे पाच-सहा दिसले तर बोलणारी चिप जिवंत आहे. शून्याच्या आसपास काटा रेंगाळला तर ती गेली. एक खबरदारी मात्र घ्यायची. काही नव्या चिपा समोर कुणी जोडलेलं नसेल तर स्वतःच झोपी जातात, म्हणून मोजताना लॅपटॉप जोडलेला आणि पुटी उघडं असावं, नाहीतर इथेही संन्यासीच फासावर जायचा. आणि पोर्ट गेला असं ठरलं तरी राउटर त्या क्षणी बदलायचाच असं नाही. यूएसबीचा कन्सोल असेल तर तो वापरा, ऑक्सवर लॉगिन चालू करून ठेवा, आणि डबा पुढच्या ठरलेल्या देखभालीत बदला.

एवढीच विनंती साहेबांना, आणि रजिस्टर भरणाऱ्या प्रत्येकाला: ‘कन्सोल पोर्ट निकामी’ असा शेरा लिहिण्याआधी त्याच ओळीत लूपबॅकचा निकाल आणि तिसऱ्या पिनवरचे व्होल्ट लिहा. हे दोन रकाने रिकामे असतील तर बदलीचा अर्ज परत पाठवा.